पनवेलचे औषध

आमचे पनवेल हे एके काळी चाकांचे गाव होते असे सांगितले, तर पळस्प्याच्या फाट्यावर तासभर खोळंबलेला मोटारवाला म्हणेल, ‘अहो, अजूनही आहेच की!’ पण मी म्हणतो ती चाके निराळी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबईचा माल गलबतांतून पनवेलच्या बंदराला उतरून बैलगाडीने घाट चढू लागला. गाड्या आल्या म्हणजे चाके आली. जुन्या गॅझेटियरात पनवेलचा धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांचाच उल्लेख आहे. पुढे आगगाडीने घाट ओलांडला तो कल्याण-कर्जतच्या वाटेने; पनवेल बाजूला पडले. उरलेसुरले लाकडी चाक रबराने खाल्ले. माझ्या आजोबांच्या बोलण्यात ‘रबरी गाडी’ हा शब्द जरा शिवीसारखाच येत असे.

तेव्हा रबराशी आमचे वैर जुने. मात्र माझा स्वतःचा रबराशी संबंध आला तो शाळेत. गावातल्या एका शाळेत मी पस्तीस वर्षे मुलांना जीवशास्त्र शिकवले. आमच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या कडेला, रुंद तुळतुळीत पानांचे आणि तांबूस कोंबाचे एक झाड आहे. तसलेच झाड मुंबईपुण्याच्या शेकडो दिवाणखान्यांत कुंडीत उभे असते आणि त्याला सगळे जण ‘रबर प्लँट’ म्हणतात. दरवर्षी आठवीच्या मुलांची रांग मी घरी आणी, एक पान तोडी, देठातून पांढरा चीक टपटप गळू लागे आणि मी गंभीरपणे सांगे, “मुलांनो, याच चिकाचे टायर होतात.”

हे साफ खोटे होते. ते झाड आसामकडचे, वडापिंपळाच्या कुळातले. त्याच्या चिकातून रबर निघते हे खरे आणि इंग्रजांनी आसामात त्याची लागवडही करून पाहिली होती. पण जगाची चाके ज्याच्यावर धावतात ते झाड वेगळे. त्याचे नाव हेविया. ते एरंडाच्या कुळातले, मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. त्याची पाने बेलासारखी तीनतीन, पण चांगली वीतभर लांब. हे मला कळले ते वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, दोडामार्गात, एका लुंगीवाल्या माणसाकडून. पस्तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची मी या अंकाच्या द्वारे जाहीर माफी मागतो.

झाले असे की, २०२४ च्या मार्गशीर्षात एके सकाळी दोडामार्गाहून अण्णांचा फोन आला. अण्णा माझे मावसभाऊ. मावशीला तिकडे सावंतवाडीच्या मुलखात दिलेली. अण्णा माझ्याहून सात वर्षांनी मोठे आणि फोनवर अजून गडी हाकारल्यासारखे बोलतात.

“मास्तर, झाडां आटली मरे माझी! चारशे झाडां. गाय आटली तर आंबोण तरी घालूक येता. झाडाक काय घालू? तुमच्या पनवेलात औषधांचो कारखानो आसा ना? थयसून काय तरी लेप-बिप घेऊन ये.”

आता पनवेल आणि औषध हे समीकरण अण्णांनी काही उगाच जुळवलेले नाही. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आमच्या गावात १८७२ सालापासून आहे आणि कोकणातल्या निम्म्या घरांना ‘पनवेल’ हे नाव काढ्याच्या बाटलीवरून ठाऊक. आमच्या मावशीचा तर असा विश्वास होता की पनवेलच्या माणसाला जन्मतःच नाडी कळते! मी अण्णांना समजावून सांगणार, तोच त्यांचा आवाज एकदम खाली आला. “ये रे एकदा,” एवढेच म्हणाले. अण्णा हळू बोलले म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पनवेलहून दोडामार्गाला जायला एक रस्ता आहे तो म्हणजे महामार्ग. आधी त्याचा नंबर सतरा होता, आता सहासष्ट आहे. पनवेलला सुरू होतो तो सुमारे सोळाशे किलोमीटर जाऊन कन्याकुमारीला संपतो. म्हणजे आमच्या नाक्यावर उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले, की सरळ समोर केरळ. मध्ये वळण पुष्कळ आहे इतकेच! पण त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्या रुंदीकरणाच्या कथा पनवेलकरांना सांगाव्या लागत नाहीत. माझ्या पाठीच्या कण्याचा विचार करून मी कोकणकन्येचे तिकीट काढले.

मध्यरात्रीनंतर पनवेल स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसण्यात एक गंमत असते. गर्दी अशी की जणू अर्धे सिंधुदुर्ग इथेच राहते. राहतेच! अण्णांचा मुलगाही नव्या मुंबईत नोकरीला आणि पनवेलात भाड्याच्या खोलीत. तो मला गाडीत बसवायला आला होता. त्याने रबर बोर्डाची दोन चोपडी हातात दिली. “काका, बाबा फोनवर मला नीट सांगत नाहीत. तुम्हीच बघा,” म्हणाला. त्याचा चेहरा मला जरा उतरलेला वाटला. पण तेवढ्यात गाडी आली.

चोपडी वाचता वाचता झोप उडाली. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ साली ब्राझीलमधून या झाडाच्या सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. उगवल्या त्यातल्या मोजक्याच. त्यांतली रोपे सिलोनात आली आणि तिथून पूर्वेकडचे सारे रबर उभे राहिले. पण झाड आले तरी त्याचा चीक काढावा कसा? ॲमेझॉनच्या जंगलात माणसे कुऱ्हाडीने घाव घालीत. झाड सोलवटून जाई. सिंगापूरच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडले यांनी झाडाला फारशी इजा न करता रोज त्याच जखमेवरची अगदी पातळ साल तासायची युक्ती काढली. ते मळेवाल्यांच्या मागे ‘रबर लावा, रबर लावा’ म्हणून इतके लागत, की लोक त्यांना ‘वेडा रिडले’ म्हणत. हा वेडा पुढे शंभर वर्षे जगला. आपल्याकडे व्यापारी मळा पहिल्याने झाला तो १९०२ साली, केरळात पेरियार नदीकाठी तट्टेक्काडला. १९४७ च्या कायद्याने रबर बोर्ड झाले, त्याचे ठाणे कोट्टयमला.

आणि आपल्या सिंधुदुर्गात रबर आणले ते केरळच्या लोकांनीच. जमीन, पाऊस, डोंगरउतार सारे घरच्यासारखे आणि जमिनीचा भाव मात्र घरच्यापेक्षा पुष्कळ कमी. दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्यांनी डोंगर विकत घेतले, जंगल तोडून अननस आणि रबर लावले. त्या तोडीबद्दल तिकडे पुष्कळ वाद झाले आहेत आणि ते वाद खोटे नाहीत. अण्णांनी मात्र २००८ साली रबर लावले ते काजूच्या जुन्या पडक्या बागेत. कारण विचाराल तर ते सांगतात, “हत्ती!” २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती त्या तालुक्यात माडाबागायतीवर ताव मारीत आहेत. “हत्ती रबर खायत नाय,” हे अण्णांचे अर्थशास्त्र.

सावंतवाडी रोडला उतरून एसटीने बांद्यावरून दोडामार्गाकडे निघालो, तेव्हा धुके अजून तेरेखोल नदीवरून उठले नव्हते. त्या रस्त्याला सुपाऱ्यांच्या बागा, लाल कौले, मध्येच गोव्याचा नंबर लावलेल्या गाड्या आणि एका वळणानंतर अचानक अगदी सरळ रांगांत उभे असलेले रबर. कोकणातले कुठलेही झाड असे कवायतीत उभे राहत नाही. आंबा आपल्या मर्जीने फांद्या टाकतो, फणस तर अंगाखांद्यावरच फळे घेऊन बसतो. ही झाडे मात्र शिपायांसारखी आणि प्रत्येकाच्या पोटावर एक तिरपा ओरखडा आणि खाली बांधलेली करवंटी.

अण्णा पडवीत बसले होते. “इलंस? बस. चाय घे,” आणि चहाचा कप हातात यायच्या आत, “औषध हाडलंस?”

“अण्णा, आधी झाडे तर दाखवा.”

“उद्या फाटेक. चेट्टन दाखयतलो.”

चेट्टन म्हणजे मल्याळीत थोरला भाऊ. अण्णांच्या बागेत चीक काढणाऱ्या माणसाला सगळा गाव याच नावाने हाक मारतो. पन्नाशीचा, काटक, अर्धी लुंगी दुमडलेली, मराठी-मालवणी-हिंदीची स्वतःची अशी एक भाषा झालेला. पहाटे पाच वाजता कपाळाला दिवा बांधून तो दारात हजर.

इतक्या अंधारात का, हे मला आधी कळेना. मग लक्षात आले. झाडाच्या सालीत, लाकडाच्या अगदी लगत, चिकाच्या बारीक नळ्यांचे जाळे असते. रात्रभर पाने मिटल्यासारखी असतात, पाणी उडून जात नाही आणि त्या नळ्यांत पहाटे दहा वातावरणांच्या आसपास दाब साठतो. मोटारीच्या टायरात हवा असते ती साधारण दोनाची. ऊन चढले की हा दाब उतरतो, चीकही उतरतो. म्हणून उजाडायच्या आत घाव घालायचा.

चेट्टनचा हात चालू झाला आणि मी बघत राहिलो. आदल्या वेळच्या जखमेवर रबराची एक पातळ दोरी सुकलेली असते. ती त्याने ओढून काढली आणि पिशवीत टाकली, तिचेही पैसे होतात. मग वाकड्या पात्याची सुरी डावीकडून वरून उजवीकडे खाली अशी एका दमात ओढली. ही दिशाही उगीच नाही. नळ्या किंचित दुसऱ्या बाजूला कललेल्या असतात, म्हणून असा काप घेतला तर जास्त नळ्या तुटतात. निघालेली साल एक-दीड मिलिमीटर, नखाच्या पापुद्र्याएवढी. आत मिलिमीटरभर साल शिल्लक राहिलीच पाहिजे. पाते त्याहून आत गेले तर लाकडाला जखम होते आणि मग तिथे नवी साल नीट धरत नाही. चेट्टन हे अंधारात करतो, चारशे झाडांना, तीन तासांत.

पहिल्या झाडाने पांढरीशुभ्र रेघ धरली. ती रेघ कापावरून उतरून पत्र्याच्या पन्हळीतून करवंटीत थेंबथेंब पडू लागली. दुसरे झाड तसेच. तिसऱ्या झाडाला सुरी लागली आणि काहीच झाले नाही. ताज्या कापावर मधूनमधून दोन-तीन पांढरे ठिपके आले, बाकी साल कोरडी, तपकिरी. चौथे सबंध कोरडे. त्याची साल खालपर्यंत फुगून तडकली होती, बोटाने ढलप्या निघत होत्या.

“पट्टमरप्प्,” चेट्टन म्हणाला. पट्ट म्हणजे साल. साल बधिर झाली. इंग्रजी पुस्तकांत याला पूर्वी ‘ब्राउन बास्ट’ म्हणत, आता ‘टॅपिंग पॅनल ड्रायनेस’ म्हणतात. मराठीत मला शब्द मिळाला तो अण्णांच्याच तोंडून: झाड भाकड झाले.

मी शिक्षक, तेव्हा आधी किडा शोधला, मग बुरशी शोधली. पाने हिरवीगार, मुळे धट्टीकट्टी. झाड दिसायला इतके ठणठणीत की शेजारचे दुभते झाडच जरा रोडावलेले वाटावे! चेट्टन हसला. शंभर वर्षे शास्त्रज्ञांनीही हेच केले आहे. मलायातल्या जुन्या मळेवाल्यांनी जिवाणूंवर आळ घेतला, बुरशीवर घेतला. दुखरी साल खरवडून डांबर फासले. अलीकडे विषाणूहूनही बारीक अशा कणांवर संशय गेला. पण ‘हा चोर’ म्हणून बोट ठेवावे असा जंतू सापडला नाही. हा रोग बाहेरून येत नाही. तो झाडाच्या अंगातलाच बिघाड आहे.

तो कसा होतो तेही ऐकण्यासारखे आहे. चीक म्हणजे नुसते रबर नव्हे. त्यात शंभरात तीस ते चाळीस भाग रबर आणि बाकी पाणी, साखर, प्रथिने, शिवाय अगदी बारीक पिशव्या. जखम झाली की त्या पिशव्या फुटतात, चीक गोठतो आणि नळीच्या तोंडाला बूच बसते. ही झाडाची स्वतःची मलमपट्टी. मग पुढच्या खेपेपर्यंत झाड पानातली साखर खाली आणून गेलेला सगळा चीक पुन्हा तयार करते. त्याला दोन दिवस, तीन दिवस मिळाले तर जमते. न मिळाले तर नळीतल्या पेशींवर ताण येतो, त्यांच्यात जहाल प्राणवायूचे कण साठतात, त्या पिशव्यांची आवरणे आतल्या आत फाटतात आणि बूच जखमेच्या तोंडाला बसायचे ते सबंध नळीतच बसते. चीक झाडाच्या अंगातच गोठतो. नंतर सुरी कितीही चालवा.

“पण आधी खूप देते, सार,” चेट्टन म्हणाला. “सुकायच्या आधी खूप देते. पातळ. दुपारपर्यंत ठिबकते.”

हे ऐकून अण्णा, जे आतापर्यंत मागे काठी टेकून उभे होते, ते वळले आणि घराकडे चालू लागले.

दिवस चढल्यावर चीक गोळा झाला, गाळला गेला, ॲल्युमिनियमच्या तबकांत पाणी आणि फॉर्मिक आम्ल घालून लावला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दह्यासारख्या वड्या दोन यंत्रांतून काढून, नक्षीदार पत्रे करून धुरीच्या खोलीत टांगतात. ते सारे पाहण्यासारखे आहे. पण माझे लक्ष अण्णांकडे होते. जेवताना ते हवेला दोष देत होते. म्हणे, हे केरळचे झाड, आठ महिने कोरड्या कोकणात कसे टिकणार? यात तथ्य नाही असे नाही. पालघरकडे दापचरीला रबर संशोधन संस्थेचे केंद्र निघाले, तिथे हाच प्रश्न तपासला गेला. उत्तर कोकणच्या उन्हाळ्यात कोरडवाहू झाड चिकाला यायला दहा वर्षांवर लागतात, पाणी दिले तर सहा. पण अण्णांच्या बागेला तिलारीच्या बाजूची ओल होती आणि त्यांची झाडे आठव्या वर्षीच चिकाला आली होती. हवेने घात करायचा तर तो आधीच केला असता.

वहिनींनी भात वाढता वाढता सांगून टाकले. “रोज काढीत होते दूध. पावसात प्लॅस्टिक बांधून, रोज. चेट्टन नको म्हणी होतो.”

मग हळूहळू सगळे निघाले. २०१६ साली झाडे चिकाला आली, तेव्हा रबराचा भाव किलोला शंभराच्या खाली घसरलेला; अण्णांनी कित्येक वर्षे सोसले. चेट्टन तिसऱ्या दिवशी काप घेई, झाडे आनंदात होती. २०२४ साली भाव चढू लागला आणि ऑगस्टात कोट्टयमला दोनशे चाळीसच्या वर गेला. तसा भाव २०११ नंतर कोणी पाहिला नव्हता. अण्णांनी तिसऱ्या दिवसाचा एक दिवसाआड केला, एक दिवसाआडचा रोज केला. कोणीतरी इथेफॉन आणून दिले. केळी पिकवताना जो वायू कामी येतो तोच सालीत सोडणारे हे औषध. त्याने जखमेवर बूच लवकर बसत नाही, चीक वाहत राहतो. जपून वापरले तर त्याचा उपयोग आहे. पण तो काप कमी करायला, वाढवायला नव्हे. झाडांनी दोन महिने पान्हा सोडला. अण्णा खूश. चेट्टन ओरडत होता, चीक पातळ झाला म्हणून. अण्णांनी करवंट्या मोठ्या आणल्या.

“पण एवढी घाई कशाला, अण्णा?” मी विचारले.

अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, “पनवेलच्या जाग्याचे हप्ते.”

माझा घास हातातच राहिला. कारण ती जागा मीच दाखवली होती. मुलगा भाड्याने किती दिवस राहणार, विमानतळ होतो आहे, आज घेतली तर घेतली, उद्या हात पोचणार नाही, असे मीच अण्णांना पडवीत बसून सांगितले होते. जिथे आम्ही लहानपणी भातखाचरांतून खेकडे पकडले तिथल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर. अजून इमारत पुरी झालेली नाही, पण हप्ते मात्र पुरे चालू. तेव्हा झाडांना कीड लागली नव्हती हे खरे आणि ती पनवेलहून आली होती हेही खरे.

दुपारी एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले. त्यांच्याजवळ झाडांचे टॉनिक होते, सालीला फासायचे. महिन्यात दूध परत, अशी हमी. किंमत मात्र अशी की मी चश्मा पुसून पुन्हा पाहिली. अण्णांचे डोळे चमकले. मी त्यांना विचारले, यात काय आहे? ते म्हणाले, गुप्त आहे. चेट्टनने माझ्याकडे पाहिले आणि जमिनीवर थुंकला.

खरे सांगायचे तर मलाही मोह झाला होता. घरी निघताना मी सुरपालाचा वृक्षायुर्वेद चाळला होता. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने झाडांनाही वात, पित्त, कफ लावले आहेत आणि लेप-सिंचन सांगितले आहे. पण बिचाऱ्याने हेविया पाहिलेलाच नव्हता! आणि आजच्या पुस्तकांतही सालीला लावून भाकड झाड हमखास दुभते करील असे औषध नाही. आहे ते एकच, ते चेट्टनला ठाऊक होते आणि बोर्डाच्या चोपड्यातही होते: काप बंद. अर्धवट सुकलेले झाड काही महिने, वेळ पडली तर वर्षभर सोडून द्यायचे, मग तपासायचे, चीक आला तर चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी असा बेताने घ्यायचा. जे पुरते गेले, ज्याची साल तडकली, त्याचा त्या बाजूचा नाद सोडायचा. विश्रांतीने परत आलेले झाडही पुन्हा सुकू शकते. अशी ही औषधाची जात.

दुसऱ्या दिवशी मी, चेट्टन आणि वहिनी वही घेऊन बागेत फिरलो. चेट्टन कापाखाली वीतवीत अंतरावर टाचणीने साल टोची. जिथे पांढरा बिंदू आला तिथे नळ्या जिवंत. नाही आला तिथे मेलेल्या. कोरडेपणा कापाच्या खाली किती पसरला ते असे कळते. मी आकडे लिहिले. चारशे बारा झाडांपैकी एकसष्ट पुरती कोरडी, अठ्ठ्याण्णव अर्धवट. एकसष्टांवर गेरूची रेघ, अठ्ठ्याण्णवांवर चुन्याची. वहिनी चुना लावता लावता एका झाडाला हळूच म्हणाल्या, “बस आता उगी.” अण्णा दुरून बघत होते.

रात्री पडवीत हिशेब मांडला. चुन्याची झाडे सोडायची, बाकीची तिसऱ्या नव्हे तर चौथ्या दिवशी घ्यायची आणि तीही आता, थंडीत, जेव्हा चीक वर्षात सर्वांत चांगला उतरतो! भाव उतरून दोनशेच्या आत आला होताच. हप्ता निम्माही निघेना. आणि चेट्टनचे काय? त्याची मजुरी झाडांवर. मुलगी तिकडे नर्सिंगला.

अण्णा म्हणाले, “सगळा खरा. पण बँक झाडाची साल बघत नाय.”

कोणीच बोलेना. शेवटी चेट्टनच उठला. म्हणाला, तो जूनपर्यंत बांद्याजवळच्या एका बागेत जातो, त्यांना माणूस हवाच आहे. चौथ्या दिवशी पहाटे इकडे येईल. “झाड मारून मला मजुरी नको, सार.” आणि कपाळावरचा दिवा खुंटीला अडकवून गेला.

मी त्या रात्री पनवेलला फोन केला. आमच्या मंडळींना सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “वरची खोली पाच वर्षं रिकामीच आहे. तुमची पुस्तकं तेवढी खाली आणावी लागतील.” मग म्हणाली, “आणि त्याला म्हणावं, मासे मी करणार नाही, आणायचे असले तर त्याने बाहेर खावे.”

सकाळी मी अण्णांना सांगितले. जागा सोडा. मुलगा आमच्याकडे राहील. भाडे त्याने द्यायचे नाही. द्यायचेच असेल तर विहिरीवरचा पंप दुरुस्त करून द्यावा. अण्णा चिडले, पुष्कळ चिडले. ‘माझो झील आश्रिताक ठेवू?’ इथपर्यंत गेले. मी मास्तरकीचा आवाज काढला, जो मी सहसा मोठ्या भावापुढे काढीत नाही. “अण्णा, औषध मागितले होते ना तुम्ही? मग हे घ्या. कडू आहे.” ते उठून गोठ्यात गेले. तासाभराने आले आणि चहा मागितला.

जागा सोडताना त्या बांधणाऱ्याने किती पैसे कापून घेतले ते इथे लिहीत नाही. लिहिले तर वहिनी पुन्हा जेवायच्या थांबतील. पण कर्ज फिटले. टॉनिकवाले गृहस्थ आणखी दोनदा येऊन गेले.

यंदा पाऊस सरताच चेट्टनने पुन्हा टाचणी चालवली. अण्णांनी आकडे फोनवर सांगितले, मी जुन्या वहीत लिहून घेतले. चुन्याच्या अठ्ठ्याण्णवांपैकी सत्तावन्न झाडांनी सबंध कापावर चीक धरला आहे, तेवीस अजून अर्धवट, अठरा गेली. गेरूच्या एकसष्टांत तिघांनीच डोळा उघडला. चेट्टन दिवाळीनंतर पूर्णवेळ परत येतो म्हणाला आहे. मात्र त्याची अट अशी की भाव कितीही चढला तरी सुरी कधी धरायची ते तो ठरवणार. अण्णांनी ही अट मान्य केली असे वहिनी सांगतात. अण्णा स्वतः काही सांगत नाहीत.

पुतण्या वरच्या खोलीत स्थिर झाला. पंप अजून दुरुस्त व्हायचा आहे. मागच्या महिन्यात तो गावाहून आला तेव्हा अण्णांनी माझ्यासाठी म्हणून धुरी दिलेला रबराचा एक पत्रा पाठवला, मधासारख्या रंगाचा, चांगला हातभर लांब. शाळेच्या मुलांना दाखवायला, असा निरोप होता. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली हे अण्णांच्या लक्षात राहत नाही. त्याला धुराचा आणि आंबलेल्या ताकाचा असा काही वास आहे, की हिने दोन दिवस सोसला आणि तिसऱ्या दिवशी पत्रा उचलून बाहेर विहिरीपाशी, त्या आसामी झाडाच्या फांदीवर वाळत घातला. तो अजून तिथेच आहे.